रुग्णवाहिका येईपर्यंत



आपले निर्मल दोन महामार्गांच्या भेटीच्या ठिकाणी वसलेले आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ नागपूर व आदिलाबाद मागे टाकीत आपल्या गावापाशी येतो आणि पुढे सोन गावाजवळ गोदावरी ओलांडून हैदराबादची वाट धरतो. परभणी, नांदेड, भोकर, भैंसा असा पूर्वेकडे सरकत आलेला क्रमांक ६१ चा महामार्ग त्याला येथेच मिळतो. २०१६ साली निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी आपण आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होतो. कापसाच्या गाड्या, लोखंडाचे ट्रक, यात्रेकरूंच्या बसगाड्या आणि शाळेत सायकलवरून येणारी तुम्ही मुले, सर्वांची वाट एकच. अशा गावात राहणाऱ्याने जे शिकून घ्यावयास हवे, परंतु जे आपल्या पाठ्यपुस्तकात चार-दोन पानांपलीकडे नसते, त्याविषयी आज लिहावयाचे आहे. सुरुवात माझ्या स्वतःच्या एका फजितीपासून करतो. तिला फजिती म्हणणेही सौम्यच ठरेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातील संध्याकाळ होती. आदिलाबादहून परतताना घाटाच्या उतारावर आमची बस एकाएकी थांबली. पुढे रस्त्याच्या कडेस एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि तिच्यापासून आठ-दहा हातांवर एक तरुण. वीस-पंचवीस माणसे भोवती जमली होती. कोणी हळहळत होते, कोणी फोनवर चित्रण करीत होते, कोणी चालकाच्या वेगाविषयी मत देत होते. तरुणाच्या मांडीतून रक्त वाहत होते. मी शिक्षक आहे असे कोणीतरी म्हणताच लोकांनी मला वाट करून दिली, कारण शिक्षकास सर्व काही येते असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. मी काय केले? माझ्या बाटलीतील पाणी त्याच्या तोंडास लावले. मग आम्ही चौघांनी त्याचे हात व पाय धरून, पोते उचलावे तसे त्याला उचलले आणि एका मोटारीच्या मागील आसनावर दुमडून बसविले. मोटार निघून गेली. रस्त्यावरचे रक्त पावसाने धुऊन नेले. त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुढे मी रीतसर प्रशिक्षण घेतले तेव्हा त्या पंधरा मिनिटांचा हिशेब माझ्यापुढे उभा राहिला. अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसास पाणी पाजले म्हणजे ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय लगेच शस्त्रक्रिया करावी लागल्यास भरलेले पोट घातक ठरते. पाठीचा कणा दुखावला असल्यास हातापायांना धरून उचलल्याने आतील मज्जारज्जूस इजा होऊन माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. तेथे पन्नास तळहात होते, पण वाहत्या जखमेवर एकही ठेवला गेला नाही. आणि वीस-पंचवीस खिशांत तितकेच फोन असूनही १०८ क्रमांक कोणी फिरविला नव्हता, कारण दुसऱ्या कोणीतरी तो फिरविला असेल असे प्रत्येकास वाटत होते.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवशी माझ्या घरच्या कपाटात प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र होते! महाविद्यालयात असताना दोन दिवसांच्या एका वर्गास बसून ते मी मिळविले होते. तेथे व्याख्याने झाली, फळ्यावर आकृत्या काढल्या गेल्या, एका सोबत्याच्या दंडावर सर्वांदेखत एक पट्टी बांधून दाखविली गेली, आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर सर्वांना प्रमाणपत्रे वाटली गेली. माझ्या हातून त्या दोन दिवसांत एक गाठसुद्धा बांधली गेली नाही. धमनी कोठे असते हे मला सांगता आले असते. परंतु जे डोक्यात साठविले होते ते हातांपर्यंत कधी उतरलेच नव्हते. म्हणून आज मी प्रथमोपचाराची माहिती देण्यापेक्षा प्रथमोपचाराचे शिक्षण कसे मिळवावे यावर अधिक भर देणार आहे.

आता या कामी वेळेला इतके महत्त्व का, ते पाहू. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. मांडीतील मोठी धमनी तुटली तर त्यातील प्राणघातक ठरण्याइतके रक्त काही मिनिटांतच वाहून जाते. हृदय थांबले म्हणजे मेंदूस प्राणवायू मिळत नाही आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी होऊ लागते. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली, पुढे अनेक राज्यांत गेली, महाराष्ट्रातही ती २०१४ पासून आहे. तिने असंख्य प्राण वाचविले यात शंका नाही. तथापि रुग्णवाहिकेचा चालक कितीही तत्पर असला तरी गावातून घाटापर्यंतचे अंतर त्यास तोडावेच लागते. आज आपल्या गावी जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण कुबीर किंवा तानूरच्या शिवारात घडलेल्या अपघातापासून ते किती दूर आहे, हे तिकडून येणाऱ्या मुलांना सांगावयास नको. भारत सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. अपघात घडल्यापासून रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचा अवधी डॉक्टरांच्या हाती नसतो. तो तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतो.

त्या माणसास शिकवावे ही कल्पना फार जुनी नाही. १८५९ च्या जून महिन्यात इटलीतील सोल्फेरिनोच्या रणभूमीवर हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून व पट्टीवाचून पडलेले हेन्री ड्युनांट या स्विस व्यापाऱ्याने पाहिले आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांची शुश्रूषा केली. त्यातून रेडक्रॉस जन्मास आली. ड्युनांट वैद्य नव्हता, सैनिकही नव्हता. तो आपल्या धंद्याच्या कामासाठी तिकडे गेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली. पीटर शेफर्ड नावाच्या लष्करी शल्यवैद्याने सामान्य नागरिकांसाठी वर्ग घेतले आणि त्यांच्याकरिता एक पुस्तक लिहिले. पुढे, १८७९ च्या जानेवारीत, दक्षिण आफ्रिकेतील इसान्डलवानाच्या लढाईत तो मारला गेला. जर्मनीतील कील येथील शल्यवैद्य एस्मार्क यांनी १८८२ साली नागरिकांसाठी अशीच शाळा काढली. प्रथमोपचाराच्या पेटीत आजही दिसणारी त्रिकोणी पट्टी प्रचारात आणणारे ते हेच. त्यांनी आपल्या शाळेस ‘समॅरिटन शाळा’ असे नाव दिले. बायबलातील एका कथेत यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा एक वाटसरू चोरांच्या हातून घायाळ होऊन रस्त्यात पडतो. प्रतिष्ठित माणसे बाजूने निघून जातात. परक्या जातीचा एक शोमरोनी मात्र थांबतो, त्याच्या जखमा बांधतो आणि त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो. ही कथा हमरस्त्यावरची आहे, म्हणून ती आपल्या गावास विशेष लागू पडते.

याच कथेतील नाव आपल्या देशाच्या कायद्यातही आले आहे. अपघातग्रस्तास मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, रुग्णालय पैसे मागेल, न्यायालयाच्या खेपा घालाव्या लागतील, ही भीती आपल्या लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसली आहे. घाटातील त्या संध्याकाळी ‘आपण कशाला यात पडा’ हे वाक्य मी स्वतः दोनदा ऐकले. ही भीती पूर्वी अगदीच निराधार होती असे नाही. परंतु परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच असे सांगितले की, जखमी माणसावर प्रथम उपचार करावयाचे. पोलिसी सोपस्कार मागाहून. २०१६ साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने आखलेल्या नियमांस बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालण्यात आले आणि २०२० साली त्याखालील नियम प्रसिद्ध झाले. त्यानुसार सद्‌हेतूने व मोबदल्याची अपेक्षा न धरता अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, खटला भरता येत नाही. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही हे त्याच्या इच्छेवर असते. हे हक्क रुग्णालयांनी आपल्या प्रवेशद्वारापाशी स्थानिक भाषेत लावावयाचे आहेत. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात तर तो फलक आहे की नाही ते अवश्य पाहा.

म्हणजे आता कायद्याची अडचण उरली नाही. उरली ती हातांची. येथे मला एका खेळणी करणाऱ्याची हकिकत सांगावीशी वाटते. आपले गाव खेळण्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे ती तुम्हांस रुचेल. पोणिकीच्या हलक्या लाकडापासून आपले कारागीर पशुपक्षी व फळे कोरतात, चिंचोक्याच्या खळीत भुसा मिसळून सांधे भरतात आणि रंगवून अशी तयार करतात की खरे फळ समजून मुलाने हात पुढे करावा. नॉर्वे देशातील स्टाव्हांगर गावी ओस्मुन लेर्डाल हाही असाच एक खेळणीवाला होता. मुलांची पुस्तके, लाकडी खेळणी आणि पुढे मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या हा त्याचा धंदा. त्याच्या लहान मुलास त्याने स्वतः एकदा पाण्यातून ओढून काढून वाचविले होते.

त्याच सुमारास वैद्यकात एक मोठा पालट होत होता. तोपर्यंत बुडालेल्या माणसास पालथे निजवून त्याच्या पाठीवर दाब देण्याची शेफरची किंवा होल्गर नील्सनची रीत जगभर शिकविली जात असे. तुमच्या आजोबांच्या वेळच्या पुस्तकांत तीच सापडेल. बाल्टिमोर येथील डॉ. पीटर साफार यांनी, तोंडाने तोंडात श्वास फुंकणे हे तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक परिणामकारक आहे, असे सिद्ध केले. १९६० साली त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी, छाती न उघडता केवळ बाहेरून दाब देऊन थांबलेल्या हृदयाचे काम काही काळ चालविता येते, असे दाखवून दिले. रीत सापडली, पण ती शिकावयाची कोणावर? जिवंत माणसाच्या छातीवर तिचा सराव करता येत नाही. त्याची फासळी मोडेल. नॉर्वेतील डॉ. ब्योर्न लिंड प्रभृती डॉक्टरांनी ही अडचण लेर्डालपुढे मांडली आणि त्या खेळणीवाल्याने १९६० साली माणसाच्या आकाराची एक बाहुली घडविली. तिचे डोके मागे कलविल्यावाचून श्वास आत जात नसे व तिची छाती दाबली की दबून पुन्हा वर येई. पॅरिसच्या सीन नदीत सापडल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक तरुणीचा मुखवटा तेव्हा युरोपात घराघरांतून दिसे. तोच चेहरा त्याने तिला दिला. ‘रेसुसी ॲन’ या नावाची ती बाहुली पुढे जगभर गेली. नॉर्वेत १९६१ पासूनच ती शाळांतून आली आणि तुमच्या वयाची मुले तिच्यावर शिकू लागली. बारा वर्षांच्या वयापासून शाळेत दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावे, या योजनेस २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही संमती दिली आहे.

मी जेव्हा पहिल्याने अशा बाहुलीपुढे गुडघे टेकले, तेव्हा माझी समजूत होती की हे काम मला सहज जमेल. छातीच्या मध्यभागी तळहाताचा मागील भाग ठेवावयाचा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मिनिटास १०० ते १२० या गतीने, प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावयाची. ऐकावयास किती सोपे! पहिल्या मिनिटात शिक्षकाने मला तीनदा सांगितले, ‘गुरुजी, खोल.’ दुसऱ्या मिनिटास माझा सदरा घामाने भिजला आणि गती मंदावली. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा हा नियम का केला आहे, ते मला तेव्हा खांद्यांतून समजले. ज्यास श्वास देण्याचे शिक्षण मिळाले आहे त्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत; ज्यास ते मिळालेले नाही त्याने निदान दाब तरी अखंड चालू ठेवावेत. आपल्या देशातील भूलतज्ज्ञांनी सामान्य नागरिकांसाठी हीच केवळ दाबांची रीत शिकविण्यास सुरुवात केली आहे. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र श्वासाचे महत्त्व फार. गोदावरीकाठी बासरला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि पोट दाबून पाणी काढण्याच्या किंवा उलटे टांगण्याच्या नादात अमूल्य मिनिटे घालवू नयेत.

जखमेतून रक्त वाहत असता काय करावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कारण आपल्याकडील पुष्कळ मृत्यू यातच होतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने, अंगाचा भार टाकून, सरळ दाब द्यावा. दाब देणाऱ्यास राहवत नाही. थांबले का हे पाहण्यासाठी तो दर घडीस कापड उचलतो आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी स्वतःच काढून टाकतो. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे, पहिले काढू नये. जखम खोल असल्यास कापड आत घट्ट कोंबून वर दाब द्यावा. हात किंवा पाय यांच्या जखमेतून एवढ्यानेही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंच अंतरावर, सांधा सोडून, रुंद पट्टीचा आवळबंध बांधावा आणि रक्त थांबेपर्यंत तो पिळून घट्ट करावा. सुतळी किंवा तार मांसात रुतते, म्हणून ती वापरू नये. जुन्या पुस्तकांत असा बंध दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करावा असे लिहिलेले असे. आता ते चुकीचे मानले जाते. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि तो सोडण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवावरून आवळबंधाविषयीची जुनी धास्ती कमी झाली, आणि अमेरिकेत २०१५ साली रक्तस्राव थांबविण्याचे शिक्षण सामान्य नागरिकांस देण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पण हाताशी येईल त्या वस्तूंचा आवळबंध पुष्कळदा सैल बसतो आणि मग तो न बांधल्यापेक्षाही वाईट, कारण शिरा दबतात व धमनी वाहतच राहते. म्हणून याचा सराव जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा.

हे केवळ महामार्गापुरते आहे असे समजू नका. भैंशाकडील गावांतून येणाऱ्या मुलांच्या घरी कडबा कापण्याचे यंत्र असेल, हंगामात मळणी यंत्र येत असेल. त्यांत बोटे गेल्याच्या हकिकती तुम्ही ऐकल्या आहेत. प्रथम यंत्र बंद करावे, हे सांगावे लागते इतके माणूस गोंधळतो. मग रक्त थांबवावे. आणि तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून रोग्याबरोबर पाठवावी. बोट थेट बर्फात घालू नये. सरकी काढण्याच्या गिरण्यांत व इतर कारखान्यांत प्रथमोपचाराची पेटी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. शेतात मात्र असा कोणताच कायदा नाही, तेथे पेटी आपणच ठेवली पाहिजे.

सर्पदंशाचीही तीच कथा. दंशाच्या जागी चिरा देणे, रक्त चोखणे, दोरीने करकचून बांधणे या साऱ्या रीती आज त्याज्य ठरल्या आहेत. रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात वा पाय मोडक्या हाडाप्रमाणे फळीने स्थिर करावा, अंगठ्या व तोडे उतरवावेत आणि त्यास थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्या देशातच तयार होते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, जे मूळचे आपल्या मराठवाड्यातील जालना जिल्ह्याचे, त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग शोधून कोकणातील कितीतरी मुले वाचविली. परंतु मांत्रिकाकडून फिरून उशिरा येणाऱ्या रोग्यापुढे असे औषधही पुष्कळदा हतबल होते.

मदत करणाऱ्याने आधी स्वतःस सांभाळावे, हा प्रथमोपचाराच्या वर्गातील पहिला धडा असतो आणि विद्यार्थ्यांना तो स्वार्थी वाटतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोगाने ग्रासलेल्या एका मुलास पाठीवर घेऊन पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे त्या वेळी वैद्यकाला ठाऊक नव्हते. त्या माउलीपाशी धैर्य होते, साधन नव्हते. आज आपणांस साधने आहेत. रबरी हातमोजे काही रुपयांत मिळतात. नसल्यास हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. रस्त्यावर वाकण्यापूर्वी मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा करण्यास एक माणूस उभा करावा. घाटातील त्या संध्याकाळी आम्ही सारे वळणावर, अंधारात, पाठमोरे उभे होतो!

आता हे शिक्षण मिळवावे कोठे? सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था आपल्या देशात हे वर्ग फार पूर्वीपासून चालवीत आली आहे. भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या अधिनियमाने स्थापन झालेली असून तिच्या जिल्हा शाखांत चौकशी करता येते. बालवीर व वीरबाला पथके आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत निवडक जिल्ह्यांतील स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण दिले जाते. २०२३ साली तेलंगण शासनाने हृदय थांबलेल्यास वाचविण्याच्या शिक्षणाची मोहीम हाती घेतली होती. वर्गात नाव घालण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारा: सरावाची बाहुली आहे काय, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून ती किती वेळ दाबविली जाते? ज्या वर्गात केवळ ऐकावयाचे आहे तेथून प्रमाणपत्र घेऊन येऊ नका. ते कपाटात राहते. आणि एकदा शिकलो म्हणजे झाले, असेही नाही. अशा प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांचीच असते, कारण हात विसरतात आणि शास्त्रही पुढे सरकते.

आपल्या मराठी मुलांना येथे एक अधिकची अडचण आहे. वर्ग बहुधा तेलुगूतून किंवा इंग्रजीतून चालतात. घाबरू नका. प्रथमोपचारास तेलुगूत ‘प्रथम चिकित्स’ म्हणतात; ते तुम्हांस न शिकविताही कळले असते. परंतु ‘प्रमादम्’ या शब्दापाशी थोडे थांबा. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, तेलुगूत मात्र अपघात. १०८ वर फोन लावून ‘इक्कड प्रमादं जरिगिंदि’ असे म्हटले की येथे अपघात झाला आहे, असा अर्थ होतो. कोणाची चूक झाली हा प्रश्न तेथे नाही. त्यानंतर जागेची खूण सांगावी. महामार्ग कोणता, कोणत्या दिशेचा रस्ता, जवळचा किलोमीटरचा दगड, पूल किंवा पेट्रोल पंप; किती माणसे जखमी, ती शुद्धीवर आहेत काय, श्वास चालू आहे काय. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. गर्दीत ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडू नये. एकाकडे बोट दाखवून, ‘लाल सदरेवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन करा आणि झाल्यावर मला येऊन सांगा,’ असे म्हणावे.

आठवी ते दहावीच्या वर्गांतील ज्या मुलामुलींना हे शिकावयाचे आहे त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पुढील सत्रात शनिवारी शाळा सुटल्यावर पट्ट्या बांधण्याचा व दूरध्वनीवरून जागा सांगण्याचा सराव आपण येथेच करू. बाहुली मागवावी लागेल. तोवर उशीवर हातांची ठेवण व गती बसवू, खोली मात्र बाहुलीवरच शिकावी लागेल. येताना प्रत्येकाने आईस विचारून जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा सुमारे एक मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा धुऊन आणावा. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला म्हणजे एस्मार्कच्या दोन त्रिकोणी पट्ट्या होतात.